हद्दीपलीकडचे कौन्सिल

८ मार्च १९४८ या दिवसापर्यंत पुणे जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला एक हद्द होती. हवेली आणि पुरंदर हे इंग्रजी मुलखातले तालुके. त्यांना लागून राजगड, तोरणा आणि रोहिडा यांच्या भोवतीची खोरी होती आणि ती भोरच्या पंतसचिवांची होती. सोयरिकी हद्द ओलांडून होत, बाजारहाट आणि जत्रा तर हद्द मानतच नसत. पण सारा कोणाकडे भरायचा, दावा कोणत्या कचेरीत लावायचा आणि सरकारला जाब विचारणारा आपला कोणी माणूस आहे की नाही, हे सगळे त्या हद्दीवर ठरे.

पुढील पानांत मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलाची आणि त्याच्या सभासदांची ओळख करून दिली आहे. अशा पुस्तकाची प्रस्तावना मुंबईच्या टाऊन हॉलपासून किंवा पुण्याच्या कौन्सिल हॉलपासून सुरू व्हावी, अशी वाचकाची अपेक्षा असेल. मी ती मुद्दाम भोर-वेल्ह्यापासून सुरू करतो आहे. कौन्सिलात कोण बसले आणि ते काय बोलले याची माहिती थोड्या कष्टाने मिळते. त्या कौन्सिलाच्या दाराशी राहूनही ज्यांना आत पाऊल टाकता येत नव्हते, त्यांच्या बाजूने हा इतिहास क्वचितच पाहिला जातो. आणि मला तर वाटते, तसे पाहिल्याखेरीज आतल्या सभासदांचेही मोठेपण आणि तोकडेपण नीट कळत नाही.

पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्याला असे आणि कौन्सिलाच्या बैठकाही पुण्याच्या कॅम्पातल्या कौन्सिल हॉलमध्ये भरत. आज तिथे विभागीय आयुक्तांची कचेरी आहे. भोर तिथून सुमारे पन्नास किलोमीटरवर. पण कायद्याच्या दृष्टीने ते अंतर मोजता येण्यासारखे नव्हते. भोरवर देखरेख पुण्याच्या कलेक्टरची, तीही पॉलिटिकल एजंट या नात्याने. म्हणजे साहेब एकच. हवेलीत तो कलेक्टर म्हणून जाई, भोरला एजंट म्हणून. हवेलीतल्या त्याच्या कारभाराविषयी कौन्सिलात प्रश्न विचारता येत असे, भोरमधल्या कारभाराविषयी नाही.

ही व्यवस्था कशी आली ते थोडक्यात सांगतो. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले. अष्टप्रधानांतले ते पद घराण्यात वंशपरंपरेने राहिले. पेशवाई बुडाल्यावर १८२० च्या तहाने सचिव साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार ठरले, आणि पुढे साताराच खालसा झाल्यावर ते थेट इंग्रजांच्या छत्राखाली आले. संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. पहिल्या तिघांत आजचे भोर आणि वेल्हे आले. सुधागड घाटाखाली, पालीकडे. तालुक्यांना किल्ल्यांची नावे देणारे हे संस्थान होते. वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा अलीकडचा निर्णय त्यामुळे वाटतो तितका नवा नाही.

आता कौन्सिलाकडे वळू. १८३३ च्या सनदेने मुंबईचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेतला होता. १८६१ च्या कायद्याने तो परत मिळाला आणि २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलच्या दरबार हॉलमध्ये पहिली बैठक झाली. गव्हर्नरने नेमलेल्या हिंदी सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते, रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई होते, विंचूरकर होते आणि सावनूरचे नबाब होते. यातले शेवटचे नाव माझ्या दृष्टीने फार बोलके आहे. सावनूर हे संस्थान. त्याचा नबाब इंग्रजी मुलखासाठी कायदे करायला बसू शकत होता, त्याची रयत मात्र नाही. ‘जनतेचा प्रतिनिधी’ ही कल्पनाच तेव्हा सरकारच्या डोक्यात नव्हती. वजनदार माणूस हवा होता, मग त्याचे वजन कोठून आलेले का असेना.

१८९२ च्या कायद्याने म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डे यांच्यामार्फत आडवळणाने निवडणूक आली, अर्थसंकल्पावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा आली. फिरोजशहा मेहता आले. १८९५ मध्ये टिळक निवडून आले, १८९७ मध्ये पुन्हा निवडून आले आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले. १८९९ मध्ये गोखले आले. या माणसांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून या पुस्तकातही त्यांना मी हात आखडता घेऊनच जागा दिली आहे. एका प्रसंगाचा मात्र विस्तार केला आहे. १९०१ मध्ये सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क कुणब्याला द्यायचा नाही, असा त्याचा रोख होता. सावकारापासून कुणब्याला वाचवतो, हे सरकारचे म्हणणे. कुणब्याची पतच तुम्ही काढून घेता, हे विरोधकांचे. मतदानात हरणार हे ठाऊक असल्यामुळे मेहता उठले, त्यांच्यामागे गोखले आणि आणखी काही सभासद उठले आणि सभागृहाबाहेर पडले. विधेयक मंजूर झालेच. पण सरकारी बहुमतापुढे बसून राहण्यापेक्षा उठून जाणे अधिक बोलके असते, हे मुंबईने तेव्हा पाहिले. कोण बरोबर होते याबद्दल माझे मत अजूनही डळमळीत आहे. सावकारी पाशाचे वर्णन करताना सरकार खोटे बोलत नव्हते, आणि त्या पाशाला सरकारचा सारा किती कारणीभूत आहे हे सांगताना गोखलेही खोटे बोलत नव्हते.

त्याच सुमारास पूर्वेला दुसरे एक साम्राज्य हाच प्रयोग वेगळ्या रीतीने करत होते. त्याची तुलना केल्याशिवाय मुंबईच्या कौन्सिलाची चाल लक्षात येत नाही. अमेरिकेने स्पेनकडून फिलिपाईन्स घेतले, तिथल्या स्वातंत्र्यवाद्यांशी रक्तरंजित युद्ध केले आणि मग काही वर्षांतच, ३० जुलै १९०७ रोजी, निवडणूक घेतली. ८० जागांची फिलिपाईन असेंब्ली १६ ऑक्टोबरला मनिलाच्या ग्रँड ऑपेरा हाऊसमध्ये सुरू झाली. उद्घाटनाला अमेरिकेचे युद्धमंत्री टॅफ्ट समुद्र ओलांडून आले होते. बहुमत कोणाला मिळाले? ज्यांनी स्वातंत्र्य मागितले त्या नॅशनलिस्टा पक्षाला. सेबूचा सर्जिओ ओस्मेन्या ऐन उमेदीत, तिशीच्याही आत, सभापती झाला आणि मॅन्युएल क्वेझोन सभागृहातला पक्षनेता. पुढे दोघेही त्या देशाचे अध्यक्ष झाले. १९०७ म्हणजे आपल्याकडे सुरतेला काँग्रेस फुटली ते साल. मुंबई कौन्सिलात लोकनियुक्त सभासदांचे बहुमत येण्यास त्यानंतर तेरा वर्षे जावी लागली.

मनिलाच्या असेंब्लीला फार डोक्यावर घेण्याचे कारण नाही. मतदाराला वयाची, मालमत्तेची किंवा इंग्रजी-स्पॅनिश लिहिण्यावाचण्याची अट होती, त्यामुळे मतदार लोकसंख्येच्या शंभरात एखाददुसराच निघे. वर फिलिपाईन कमिशन नावाचे नेमलेल्या माणसांचे सभागृह बसले होते आणि त्याच्या संमतीवाचून काहीच होत नव्हते. तरीही या असेंब्लीचा पहिला कायदा पाहण्यासारखा आहे. इसाउरो गाबाल्दोन या सभासदाच्या नावाने तो ओळखला जातो. खेड्यापाड्यांत शाळा बांधण्यासाठी दहा लाख पेसो त्याने मंजूर केले. आपल्याकडे १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कौन्सिलात मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोधात सरकारी मते होतीच, पण काही हिंदी सभासदांचीही होती. त्या मतदानाची यादी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे आणि दर वेळी मनिलातले ते दहा लाख पेसो आठवले आहेत.

पण मनिलाची खरी आठवण मला होते ती दुसऱ्या कारणाने. तिथेही एक हद्द होती. दक्षिणेतला मोरो मुसलमानांचा मुलूख आणि उत्तरेतल्या डोंगरांतल्या जमाती यांना १९०७ च्या निवडणुकीतून वगळले होते. ‘हे लोक अजून तयार नाहीत’ हे त्याचे कारण. १९१६ मध्ये कमिशन जाऊन २४ जणांचे सिनेट आले, तेव्हाही या भागांसाठी निवडणूक नव्हती. त्यांचे दोन सिनेटर आणि नऊ प्रतिनिधी गव्हर्नर जनरल नेमत असे. सुलू बेटांच्या सुलतानाचा जुना कारभारी हाजी बुतू असाच नेमला जाऊन सिनेटमध्ये बसला. राज्यकर्ता बदलला तरी युक्ती तीच. सपाटीवरच्या लोकांना सभागृह द्यायचे आणि डोंगरातल्या लोकांच्या वतीने त्यांच्या जुन्या मालकाशीच बोलणी करायची. हाजी बुतूच्या जागी पंतसचिव कल्पून पाहिले तर भोरची परिस्थिती बरीचशी तीच आहे. फरक एवढा की हाजी बुतू निदान मनिलाच्या सिनेटमध्ये बसला. भोरच्या रयतेच्या वतीने मुंबईच्या कौन्सिलात कोणाचेच आसन नव्हते.

१९१९ च्या कायद्याने मुंबईचे कौन्सिल शंभरावर सभासदांचे झाले. त्यांतले ८६ निवडलेले. मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवल्या. सर नारायण चंदावरकर पहिले अध्यक्ष. काँग्रेसने पहिल्या निवडणुकीवर बहिष्कार घातला, आणि त्या मोकळ्या जागेत ब्राह्मणेतर चळवळीतली माणसे शिरली. ज्यांना आजवर कोणी कौन्सिलात पाहिले नव्हते अशी ही माणसे. भास्करराव जाधव मंत्री झाले. इंग्रजी नीट न येणाऱ्या सभासदाला आपल्या भाषेत बोलण्याची सोय नियमांत होती, तिचा उपयोग आता कोठे होऊ लागला. या पुस्तकातली सर्वांत मोठी प्रकरणे या दशकावर आहेत, कारण माझ्या मते कौन्सिल खऱ्या अर्थाने जिवंत झाले ते याच काळात.

मतदार मात्र अजूनही मूठभर. खेड्यात मत हवे तर साधारण ३२ रुपये सारा भरणारी जमीन हवी. रत्नागिरीसारख्या काही जिल्ह्यांत निम्म्यावर भागे. बागायती पट्ट्यात ३२ रुपये सारा भरणारे सापडत. मावळात डोंगरउताराची वरकस जमीन, खाचरातला भात, नाचणी आणि वरी. त्या जमिनीला आकार तो किती असणार? वेल्ह्याचा शेतकरी इंग्रजी मुलखात असता तरी त्याला १९२० मध्ये मत मिळाले असते का, हा प्रश्न म्हणून नीट विचारायला हवा. बहुतेकांना मिळाले नसते. १९३७ च्या निवडणुकीसाठी ही अट ८ रुपयांवर उतरली, तेव्हा कदाचित अनेकांना मिळाले असते. म्हणजे हद्द दुहेरी होती. एक संस्थानाची, दुसरी साऱ्याची. संस्थान खालसा झाले असते तर सगळे ठीक झाले असते, असे सांगणाऱ्यांनी ही दुसरी हद्द विसरू नये.

आता भाटघर. या प्रस्तावनेतला माझा सगळा युक्तिवाद या एका धरणावर उभा आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

वेळवंडी नदीवर भाटघरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पहिले धरण बांधले. नीरा डाव्या कालव्यासाठी ते बांधले होते. मग ते अपुरे पडले आणि त्याच्याच खालच्या अंगाला मोठे धरण उभे राहिले. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांचे नाव त्याला दिले, १९२७ मध्ये ते पुरे झाले. सुमारे २४ टीएमसीचा हा साठा. आज या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे, ते योग्यच आहे, कारण कंकांचे भुतोंडे याच खोऱ्यातले. धरण भोर संस्थानात. बुडाली ती खोऱ्यातली भातखाचरे भोर संस्थानातली. पाणी गेले डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती, इंदापूरला, आणि उजव्या कालव्याने फलटण, माळशिरसकडे. पुढे त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसाच्या जोरावर राजकारणही.

या धरणाविषयी कौन्सिलात काय झाले असेल, याची कल्पना १९१९ च्या कायद्याने आलेल्या दुहेरी राज्यपद्धतीचे नियम वाचले की येते. पाटबंधारे हे खाते राखीव होते. म्हणजे ते गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे, लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे नाही. सभासद पाटबंधाऱ्यांच्या खर्चावर बोलू शकत, कपात सुचवू शकत. पण कौन्सिलाने नाकारलेली राखीव खात्याची रक्कम गव्हर्नर आपल्या अधिकारात पुन्हा घालू शकत असे. म्हणजे बारामतीच्या शेतकऱ्याचा प्रतिनिधी पाण्याविषयी निदान बोलत होता, बोलून फारसे काही होत नसले तरी. ज्याचे खाचर पाण्याखाली गेले त्याच्या वतीने बोलणारा कोणीच नव्हता. त्याच्या जमिनीचा सौदा दोन सरकारांमध्ये झाला. एकीकडे मुंबई सरकार, दुसरीकडे पंतसचिव. याच काळात हाकेच्या अंतरावर मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह चालू होता. मुळशीकरांनाही न्याय मिळाला नाही, पण त्यांचे दुःख वर्तमानपत्रांतून महाराष्ट्रभर पोचले. भाटघरच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या प्रकारचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातल्या पाणवठ्यांवर, धर्मशाळांत, शाळांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने तो मान्य केला, आणि १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर उभे राहिले तेव्हा त्यांच्या पाठीशी कायदेमंडळाचा हा ठराव होता. स्वतः आंबेडकर त्याच वर्षी नेमलेले सभासद म्हणून कौन्सिलात आले होते. महाड आणि भोर यांच्यामध्ये वरंधा घाट. घाटाच्या खाली बोल्यांच्या ठरावाला अर्थ होता, माथ्यावर पंतसचिवांच्या मुलखात नव्हता. कौन्सिलाचा सर्वांत दूरगामी ठराव वरंध्याच्या चढाला येऊन थांबला.

संस्थानांतही कायदेमंडळे नव्हती असे नाही. १९२९ मध्ये बटलर कमिटीने अहवाल दिला, त्यात १०८ मोठ्या संस्थानांपैकी ३० संस्थानांत कायदे कौन्सिले असल्याची नोंद आहे आणि त्यांतली बहुतेक केवळ सल्लागार असल्याची कबुलीही आहे. राजाच्या हुकमाने निघालेली सभा राजाच्या हुकमाने मोडताही येते. ५६ संस्थानांत राजाचा खासगी खर्च ठरवून दिलेला होता, असेही तो अहवाल सांगतो. म्हणजे निम्म्याजवळ संस्थानांत तिजोरी आणि राजाचा खिसा एकच. अशा ठिकाणी अर्थसंकल्पावरची चर्चा म्हणजे काय, ते वाचकाने ठरवावे.

या सगळ्यांत औंध वेगळे. बहात्तर खेड्यांचे हे चिमुकले संस्थान. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार केली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. गावपंचायतीपासून वर विधिमंडळापर्यंत सत्ता रयतेकडे. इंग्रजी मुलखात तेव्हा खेर मंत्रिमंडळ होते, पण तिथल्या मतदारालाही औंधच्या कुणब्याइतके मत नव्हते. भोरच्या लोकांनी औंधकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल? दोन्ही संस्थाने अष्टप्रधानी परंपरेतल्या ब्राह्मण घराण्यांची, दोन्ही साताऱ्याच्या मुळाची. औंधला जमते ते इतरांना का जमू नये, हा प्रश्न दक्षिणी संस्थानांतल्या प्रजा परिषदांच्या कार्यकर्त्यांना सुचल्याशिवाय राहिला नसेल. औंधकडे मी सहानुभूतीने पाहतो हे लपवत नाही. तरी हेही खरे की तो प्रयोग एका राजाच्या सद्बुद्धीवर उभा होता, आणि सद्बुद्धी हा घटनेचा पाया होऊ शकत नाही.

१९३५ च्या कायद्याने संघराज्याची जी योजना आखली तीत संस्थानांना मध्यवर्ती असेंब्लीत १२५ जागा होत्या. त्या भरायच्या मात्र राजांनी. योजना कागदावरच राहिली, ते बरेच झाले. १९४६ च्या जुलैत दक्षिणी संस्थानिक गांधीजींना भेटले आणि आपसांत संघ करण्याचा विचार मांडला. गांधीजींनी त्यांना रयतेला विचारा आणि जवाहरलालांशी बोला, असे सांगितले. पुढे भोर, औंध, फलटण, सांगली, मिरज, रामदुर्ग यांच्यासारख्या संस्थानांनी मिळून संयुक्त दक्षिणी संस्थानाचा करार केला. त्याची घटना समिती बसली. आणि १९४८ च्या जानेवारीत त्या समितीनेच मुंबई प्रांतात विलीन होण्याची शिफारस केली. भोरच्या लोकांचा प्रतिनिधी ज्या सभागृहात होता, असे हे पहिले मोठे सभागृह. त्याने स्वतःचे काम संपवण्याचाच ठराव केला. मराठीत या सभेवर फार थोडे लिहिले गेले आहे. पुस्तकाच्या शेवटी मी तिला वेगळे प्रकरण दिले आहे ते याच कारणाने. काही आठवड्यांतच संस्थाने मुंबईत आली. सुधागड कुलाब्याला जोडला गेला, भोर तालुका झाला आणि वेल्हे महाल झाला.

सभासदांची निवड करताना मी दोन गोष्टी पाळल्या आहेत. ज्यांची भाषणे गाजली त्यांच्याबरोबर ज्यांनी प्रश्न विचारले त्यांनाही जागा दिली. प्रश्नोत्तरांत विहिरी, तगाई, वनखात्याचा दंड, रस्त्यावरचा नाका असे विषय येतात आणि तिथे सभासदाचा मतदारसंघ दिसतो, नुसती त्याची विद्वत्ता नाही. दुसरे असे की प्रत्येक महत्त्वाच्या कायद्यापाशी तो कोणत्या मुलखाला लागू होता आणि कोठे थांबला ते नोंदवले आहे. काही वाचकांना ही टिपणे कंटाळवाणी वाटतील. त्यांनी ती सोडून पुढे जावे. भोर, फलटण, जंजिरा, सावंतवाडी अशा मुलखांतले वाचक मात्र ती आधी वाचतील असा माझा अंदाज आहे.

पुस्तक मार्च १९४८ मध्ये थांबते. त्यानंतर प्रौढ मतदान आले आणि भोर-वेल्ह्याचाही आमदार विधानसभेत बसू लागला. पुढचे मोठे धरण वेल्ह्यातच, आंबी नदीवर, पानशेतला झाले. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचे लक्ष पुण्याकडे होते. धरणासाठी उठवलेल्या वेल्ह्याच्या गावांविषयी विधानसभेत तेव्हा आणि त्याआधी कोण काय बोलले, हे शोधण्यासारखे आहे. आता तिथे बोलायला हक्काची जागा होती, त्यामुळे ते शोधताना आमदारांना सवलत देण्याचे कारण नाही. तो शोध कोणी तरी घ्यावा. त्याची कागदपत्रे छापील आहेत आणि मराठीत आहेत.